स्लॅबच्या पोटातील गंज

आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंज मोझरीत लाखोंचा समुदाय एका विशिष्ट क्षणी निःशब्द उभा राहतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना ११ ऑक्टोबर १९६८ रोजी देवाज्ञा झाली, तेव्हापासून मौन श्रद्धांजलीची ही प्रथा पुण्यतिथी महोत्सवाचा गाभा बनली आहे. महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला तेव्हा या परिसरातील खेडे म्हणजे मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर आणि शेणाने सारवलेले अंगण होते. आज अमरावतीहून नागपूरकडे जाताना तिवसा तालुक्याच्या कोणत्याही गावावरून नजर टाकली तर दिसते ते काँक्रीट. शाळेच्या खोल्या, समाजमंदिर, प्रवासी निवारा, पाण्याची उंच टाकी, नाल्यावरचा पूल आणि घरकुल, सारे काँक्रीटचे. ‘स्लॅबचे घर’ हे खेड्यातील माणसाच्या प्रगतीचे मापच होऊन बसले आहे. कवेलू दरसाल चाळावे लागतात, स्लॅबकडे पाहावेही लागत नाही, ही त्यामागची श्रद्धा.

ही श्रद्धा खोटी आहे, आणि तिची किंमत हळूहळू वसूल होऊ लागली आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी फीत कापलेल्या सभागृहात छताचे पोपडे खाली पडतात, छज्जाच्या कडेने तांबूस डाग उतरतात, एका पावसाळ्यात सळई उघडी पडते, पुढच्या पावसाळ्यात ती बोटाने चुरता येते. गावकरी म्हणतात, सिमेंट खाल्ले. अनेकदा ते खरेही असते. परंतु ज्या शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने, स्वतः उभे राहून घर बांधले त्याच्याही स्लॅबची हीच गत का होते? स्वतःच्या घरात कोणी भ्रष्टाचार करीत नाही. भ्रष्टाचाराची घोषणा या प्रश्नाच्या निम्म्या भागाला पुरते. उरलेला निम्मा भाग अज्ञानाचा आहे, आणि त्या अज्ञानाला एक सामाजिक रचना कारणीभूत आहे. तिच्याकडे कार्यकर्त्यांचे लक्ष जावयास हवे.

रोममधील पॅन्थिऑन या देवालयाचा घुमट काँक्रीटचा आहे. सुमारे त्रेचाळीस मीटर व्यासाचा तो घुमट जवळजवळ एकोणीसशे वर्षे उभा आहे. मग विसाव्या शतकातील काँक्रीट चाळीस वर्षांत का ढासळावे? याचे पहिले उत्तर असे की रोमनांच्या काँक्रीटमध्ये लोखंड नव्हते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या पोटात लोखंडी सळया घालण्याची युक्ती निघाली. सपाट छत, लांब तुळया, पुढे आलेले छज्जे हे सारे त्या युक्तीमुळे शक्य झाले. परंतु त्याच दिवशी काँक्रीटच्या पोटात गंजणारी वस्तूही जाऊन बसली. आपल्याकडील हेमाडपंती देवळांच्या काळ्या पाषाणाला हा रोग नाही, कारण त्याच्या आत गंजायला काही नाही.

तरीही लोखंड काँक्रीटमध्ये सुरक्षित राहू शकते, आणि ते कसे हे समजून घेण्यासारखे आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा त्यातून चुना मुक्त होतो. त्यामुळे काँक्रीटचा अंतर्भाग तीव्र अल्कधर्मी होतो. त्याचा पीएच साडेबारा ते तेराच्या घरात असतो. अशा वातावरणात सळईवर अतिशय पातळ असे संरक्षक कवच तयार होते आणि गंज चढत नाही. बाहेरच्या हवेतील कर्बवायू मात्र काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतच असतो. तो चुन्याशी संयोग पावून त्याचा चुनखडीसारखा पदार्थ करतो आणि अल्कधर्म उणावत जातो. पीएच नऊच्या आसपास उतरला आणि ही सीमा सळईपर्यंत पोहोचली की कवच फुटते. मग ओलावा आणि प्राणवायू यांचे काम सुरू होते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. ती जागा त्याला काँक्रीट फोडूनच मिळवावी लागते. भेग पडते, भेगेतून पाणी शिरते, गंज वाढतो, पोपडा सुटतो. बाहेरून दिसणारी भेग ही या आजाराची सुरुवात नव्हे. ती दिसेपर्यंत आतले दुखणे बरेच जुने झालेले असते.

या साऱ्या व्यवहारात सळईवरचे आवरण, म्हणजे सळई आणि बाहेरची हवा यांच्यामधले बोटभर जाडीचे काँक्रीट, निर्णायक ठरते. कर्बवायूची सीमा किती खोल आत सरकते हे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. व्यवहाराच्या भाषेत याचा अर्थ असा की आवरण निम्मे केले तर संरक्षणाची मुदत निम्मी होत नाही, चौथाई होते. वीस मिलिमीटरचे आवरण जेथे चाळीस वर्षे तग धरील, तेथे त्याच काँक्रीटचे दहा मिलिमीटरचे आवरण दहा वर्षांत हरेल. भारतीय मानक ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीत स्लॅबला किमान पंधरा मिलिमीटर आवरण पुरेसे मानले होते. २००० सालच्या आवृत्तीने ते किमान वीसवर नेले, आणि सलोह काँक्रीटसाठी किमान प्रतही एम-१५ वरून एम-२० केली. टिकाऊपणाचा विचार शास्त्राने उशिरा का होईना, केला. आता हे वीस मिलिमीटर प्रत्यक्षात कोठून येतात ते पाहावे. सळईखाली सिमेंटचे ठोकळे ठेवायचे असतात. बहुतेक कामांवर गिट्टीचा एखादा तुकडा सरकवला जातो. स्लॅब टाकताना घमेली घेऊन जाणारे मजूर त्याच सळयांवरून चालतात, तुकडा निसटतो आणि सळई थेट सेंट्रिंगच्या फळीवर टेकते. तेथे आवरण शून्य. दुसऱ्या दिवशी ते कोणालाही दिसत नाही, आणि मोजमाप पुस्तिकेत त्याला रकाना नाही.

पाण्याचा प्रकार याहून विलक्षण आहे. काँक्रीटला दोनदा पाणी लागते: एकदा कमी आणि एकदा भरपूर. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. पन्नास किलोच्या पोत्याला सर्वसाधारणपणे पंचवीस-सत्तावीस लिटरांहून अधिक पाणी घालू नये. परंतु घट्ट माल कालवायला, उचलायला आणि पसरायला कष्ट पडतात. काम उक्ते घेतलेले असते, संध्याकाळच्या आत स्लॅब पुरा व्हायचा असतो. पाण्याची बादली रिकामी केली की माल आपोआप वाहतो. ते जादा पाणी पुढे उडून जाते आणि आपल्या जागी बारीक छिद्रांचे जाळे ठेवून जाते. कर्बवायूला वाट मिळते ती हीच. मजुराला दोष देणे सोपे आहे. मेळघाटातून कामासाठी उतरलेल्या कोरकू कुटुंबाला किंवा गावच्या भूमिहीन बाईला त्या जादा बादलीचा परिणाम कोणी सांगितलेला नसतो, आणि घट्ट माल ओढण्याचे जादा कष्ट मोजून मजुरीही कोणी दिलेली नसते.

स्लॅब पडल्यावर मात्र त्याला पाणी हवे असते. बांधकामावर यालाच ‘पाणी मारणे’ किंवा ‘तराई’ म्हणतात. सिमेंटची प्रक्रिया दिवसेंदिवस चालू असते. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, उष्ण व कोरड्या हवेत दहा दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला अशा हवेत चौदा दिवस ओलावा टिकला पाहिजे असे मानक सांगते. आज बाजारात मिळणारे पुष्कळसे सिमेंट राखमिश्रितच असते, हे येथे ध्यानात घ्यावे. आता वऱ्हाडचे पंचांग पाहा. शासकीय निधी मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे म्हणून कामांची झुंबड फेब्रुवारी-मार्चमध्ये उडते, आणि प्रत्यक्ष स्लॅब पडतात एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो आणि गावात प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली जाते. ज्या गावात बायका दोन हंड्यांसाठी रात्र जागतात तेथे स्लॅबवर चौदा दिवस आळी करून पाणी कोण साठवणार? दोन दिवस गोणपाट ओले होते, तिसऱ्या दिवशी वाळते. वरचा थर, नेमका तो आवरणाचा थर, कच्चाच राहतो.

यावर सरकारी उत्तर ठरलेले असते: घनचाचणीचे अहवाल समाधानकारक आहेत. ते असतीलही. चाचणीसाठी भरलेला पंधरा सेंटिमीटरचा घन प्रयोगशाळेच्या हौदात अठ्ठावीस दिवस बुडून राहतो. त्याच मालाचा स्लॅब त्या काळात उन्हात भाजत असतो. घन उत्तीर्ण होतो, त्याच्या गुणपत्रिकेवर स्लॅबचे देयक निघते. सरकारी शाळांतील पटपडताळणीशी परिचित असलेल्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही.

वऱ्हाडाच्या बाबतीत आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. मोझरी स्वतः वर्धेच्या बाजूला आहे. परंतु अमरावतीच्या पश्चिमेला भातकुली-दर्यापूरपासून अकोल्यातील अकोट, तेल्हारा आणि बुलढाण्यातील शेगाव, संग्रामपूरपर्यंत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील भूजल खारे आहे. ते माणसाच्या मूत्रपिंडाला बाधते याची चर्चा होते, आणि व्हायलाच हवी. पण तेच पाणी काँक्रीटमध्येही जाते. सलोह काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे पाचशे मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे मानक सांगते. क्लोराइडचे वैशिष्ट्य असे की त्याला कर्बवायूप्रमाणे वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत नाही. अल्कधर्म शाबूत असतानाही ते सळईचे कवच ठिकठिकाणी भेदते. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या गावात खारट बोअरच्या पाण्याने कालवलेला स्लॅब जन्मतःच समुद्रकाठचा होतो. जमिनीतील सल्फेट पायाच्या काँक्रीटवर वेगळा आघात करतात. त्यात भर काळ्या कसदार मातीची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि उथळ पायाला वर-खाली हलवते. कपाशीला जी माती वरदान, ती इमारतीला शाप. कोकणासाठी, मराठवाड्यासाठी आणि पूर्णेच्या खोऱ्यासाठी एकच नमुना-अंदाजपत्रक वापरणारी यंत्रणा या भेदाची दखल कितपत घेते, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

आज ज्या सार्वजनिक इमारती चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या झाल्या आहेत त्यांचा जन्म कोणत्या काळात झाला हेही विसरता येत नाही. तो सिमेंटच्या नियंत्रणाचा आणि टंचाईचा काळ होता. परवान्यावर पोते मिळे, काळ्या बाजारात त्याची दामदुप्पट होई, आणि पोत्यात सिमेंटच असेल याची हमी नसे. सिमेंट-वाटप आणि प्रतिष्ठानाच्या देणग्या यांचा संबंध जोडला गेल्यावर मृणाल गोरे, प. बा. सामंत यांच्यासारख्या समाजवादी कार्यकर्त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. त्या प्रकरणाची आठवण राजकीय इतिहास म्हणून काढली जाते. परंतु टंचाईच्या त्या वर्षांत हात आखडून टाकलेले काँक्रीट आजही लोकांच्या डोक्यावर आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्ण उठले आणि सिमेंट मुबलक झाले. मग टंचाईची जागा घाईने घेतली. लवकर ताकद धरणारी अधिक बारीक दळलेली सिमेंटे आली, सेंट्रिंग लवकर काढता येऊ लागले, आणि ताकद म्हणजेच टिकाऊपणा असा समज रूढ झाला. त्याच काळातील पिळाच्या सळया साध्या सळयांपेक्षा लवकर गंजतात असे अनेक अनुभवी अभियंत्यांचे मत आहे.

परिणाम दूरवर शोधण्याची गरज नाही. पणजीचा मांडवीवरील १९७० चा पूल ५ जुलै १९८६ रोजी, सोळा वर्षांत, कोसळला. खाडीच्या खाऱ्या हवेतील गंज हे त्याचे प्रमुख कारण मानले गेले. ठाण्याच्या खाडीवरील १९७३ च्या पुलाच्या ताणतारांनाही गंजाने घेरले आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल उभा राहिला. २७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत पडली. परदेशी मालाच्या मोटारीखाली प्राण देणाऱ्या कामगाराचे नाव असलेल्या त्या इमारतीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती. ६१ माणसे गेली. इमारतीचे वय तीन दशकांच्या आसपास होते. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातील निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेत तीन मुले दगावली. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन ही जेमतेम दहाएक वर्षांची इमारत सोळा जणांना घेऊन गेली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील पिपलोदी येथे शाळा कोसळून सात बालके मृत्युमुखी पडली. या प्रत्येक घटनेचे तांत्रिक कारण वेगळे असू शकेल. कोठे फेरफार, कोठे निकृष्ट माल, कोठे पाऊस. मृतांचा वर्ग मात्र बहुतेक वेळा एकच असतो. अमेरिकेतील फ्लॉरिडात जून २०२१ मध्ये समुद्रकाठची सधनांची बारा मजली इमारत पडून ९८ जण गेले. दुरुस्तीच्या खर्चावरून तेथील सदनिकाधारकांचा वाद वर्षानुवर्षे चालला होता. त्यांच्यापाशी निदान वाद घालण्याइतका पैसा आणि तज्ज्ञाचा अहवाल तरी होता. खेड्यातील शाळेच्या वाट्याला दोन्ही येत नाही.

महापालिकांच्या हद्दीत तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने आवश्यक ठरवली आहे. गावाला ती शिस्त लागलेली नाही. कंत्राटदाराचे दोषदायित्व थोड्या वर्षांत संपते. आवरण चुकलेल्या स्लॅबचा गंज त्यानंतर डोके वर काढतो. म्हणजे अपराध आणि त्याचा परिणाम यांच्यामध्ये कायद्यानेच एक सोयीस्कर अंतर ठेवले आहे. शिवाय अर्थसंकल्पाची वृत्ती अशी की नव्या बांधकामाला शिर्षक असते, भूमिपूजन असते, कोनशिलेवर नावे असतात. गळके छप्पर दुरुस्त करण्याला यांपैकी काहीच नसते. अंदाजपत्रकापेक्षा कितीतरी खालच्या दराने घेतलेल्या निविदेतून कंत्राटदार जो नफा काढतो तो आकाशातून पडत नाही. तो सिमेंटच्या पोत्यांतून आणि न मारलेल्या पाण्यातून निघतो.

अशा वेळी कार्यकर्त्यांनी केवळ निवेदने देत राहणे पुरेसे नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ याने नागरिकाला कागदपत्रे पाहण्याबरोबरच चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. या दुसऱ्या भागाचा उपयोग फारसा होत नाही. स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी सळईखालचे ठोकळे पाहणे, पोत्यामागे किती पाणी पडते ते मोजणे आणि तराईची रोजची नोंद शाळेच्या फळ्यावर लिहिणे याला पदवी लागत नाही. जुन्या इमारतींसाठीही साधने महाग नाहीत. लहान हातोडीने छत ठोकले असता सुटलेला भाग पोकळ आवाज देतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलिनचे द्रावण शिंपडले की अल्कधर्म शाबूत असलेला भाग गुलाबी होतो, गेलेला भाग रंगहीन राहतो. तालुक्याच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते द्रावण असते. एक इशारा मात्र आवश्यक आहे. पोपडा पडला की त्यावर गिलावा करून चुना फासण्याची जी रीत आहे ती दुरुस्ती नव्हे, पुरावा बुजवणे आहे. सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, गंज घासून, सळई झिजली असल्यास जोड देऊन, मग नवे आवरण चढवावे लागते, आणि वरची गळती आधी थांबवावी लागते. सळई अर्धी संपली असेल तर मुलांना त्या खोलीतून त्याच दिवशी बाहेर काढावे लागेल, भले वर्ग झाडाखाली भरो.

गुरुदेव सेवा मंडळाच्या परंपरेत श्रमदानाला सामुदायिक प्रार्थनेइतकेच स्थान आहे. पहाटे रस्ते झाडणाऱ्या गावाला चौदा दिवस स्लॅब ओला ठेवणे अवघड नाही. मात्र श्रमदानाच्या नावाखाली कंत्राटदाराचे काम फुकट करून देण्याचा प्रकार होता कामा नये. तराईची मजुरी अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखवली गेली पाहिजे आणि ती पाणी मारणाऱ्या बाईच्या हाती पडली पाहिजे. खारपाणपट्ट्यातील कामांना गोड्या पाण्याच्या वाहतुकीचा खर्च मंजूर व्हावा, आणि कामाचे आदेश अशा बेताने निघावेत की स्लॅब नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार थंड महिन्यांत पडतील. ही मागणी मार्चमध्ये करून उपयोग नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ग्रामसभांमध्ये ठराव मंजूर करून ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम समितीकडे पोहोचवावे लागतील, आणि त्यांच्यासोबत प्रत्येक गावातील शाळेच्या छताचा, हातोडीने ठोकून केलेला, खोलीवार अहवाल जोडावा लागेल.